तिन्ही निवेदिकांवर विश्वास बसत नसेल तर कादंबरी पुढे वाचावी का?

सोडू नका. तुम्ही लिहिलंय की पॉला हॉकिन्स यांची 2015 ची 'द गर्ल ऑन द ट्रेन' अर्धी झालीय, रेचल, मेगन, ॲना तिघी आपापलं सांगतात आणि एकीचाही भरवसा वाटत नाही. मग विश्वास कोणावर ठेवायचा? अख्ख्या माणसावर ठेवूच नका. वाक्यागणिक ठरवा.

मी बरीच वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्यात, म्हणून ठासून सांगते. एका अपघाताच्या दाव्यात दोन साक्षीदार होते. पहिला किराणा दुकानदार. इस्त्रीचा सदरा, टेम्पोच्या वेगापासून चूक कोणाची इथपर्यंत सगळं घडाघडा. दुसरा हमाल. उलटतपासणीत त्याला पहिलाच प्रश्न, "त्या रात्री प्यायला होतास?" तो म्हणाला, "व्हय साहेब." मागच्या बाकांवर हशा पिकला. त्याला वेळ सांगता येईना, टेम्पोचा रंगही चुकला. पण "मागचा फाळका हिरव्या दोरीनं बांधलेला हुता" हे त्याने काही केल्या सोडलं नाही, आणि पंचनाम्यात ती हिरवी दोरी होती. दुकानदाराचं मात्र आवाज झाला तेव्हा शटर खाली होतं. बाकीचं सगळं लोकांकडून ऐकलेलं. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 60 हेच सांगायचं: पाहिलेली गोष्ट असेल तर पाहणाऱ्यानेच सांगावी.

आमच्या थोरल्या दिरांनी ही कादंबरी माझ्याकडून नेली आणि परत देताना, दिवाळीच्या फराळाला सगळे बसलेले असताना म्हणाले, "दारूड्या बाईचं काय ऐकायचं? लेखिकेनं फसवलं आपल्याला." तेव्हा घरात पाहुणे होते. इथे बोलते. फसवलं कुठे? काही रात्री आठवतच नाहीत हे रेचल स्वतः सांगते. गोल्फची काठी घेऊन ती नवऱ्याच्या, म्हणजे टॉमच्या, अंगावर गेली, भिंतीचा गिलावा उडाला, हेही तिला आठवत नाही. टॉमने सांगितलं म्हणून ती मानते. आठवत नाही असं कबूल करणारी बाई खोटारडी कशी?

प्रकरणावरचं नाव आणि तारीख मात्र वगळू नका. रेचल जुलै 2013 मध्ये सुरू होते, मेगन मे 2012 मध्ये. तुमचा निम्मा गोंधळ तिथला असणार. आणि सिनेमा आधी पाहू नका.

हे सगळीकडे चालतं असं नाही, हेही सांगायला हवं. अकुतागावा यांच्या 1922 च्या 'इन अ ग्रोव्ह' या जपानी कथेत एका खुनाबद्दल सात जबाब आहेत. लुटारू म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी मारलं, मेलेल्याचा आत्मा म्हणतो मीच जीव दिला. तिथे कितीही ताडून बघा, मेळ बसत नाही. तुमच्या कादंबरीत बसतो. पेन्सिल घेऊन बसा: 'मी पाहिलं'ला एक खूण, 'मला सांगितलं'ला दुसरी. दिरांनी एवढं केलं असतं तर रेचलला पहिल्या पन्नास पानांत निकालात काढलं नसतं. ती पिते म्हणून पोलिसही तिला हिशेबात धरत नाहीत, आणि कादंबरी उभी आहे ती यावरच.