निवड पालकांची की शाळेची?

प्रश्न : टेक्सासमध्ये आता खासगी शाळेसाठी सरकार पैसे देणार आहे. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. सरकारी शाळेत त्याचा आयईपी (त्याच्या गरजांनुसार शिकवण्याची लेखी योजना) झालाय, पण मोठ्या वर्गात तो गोंधळून जातो. शाळा बदलू का? (एक आई, ह्यूस्टन)

तुमची तगमग समजते. पण सही करण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. अपंगत्व असलेल्या मुलाला त्याच्या गरजेनुसार मोफत शिक्षण मिळालंच पाहिजे, हा हक्क १९७५ च्या केंद्रीय कायद्यानं दिला. तो सरकारी शाळेवर बंधनकारक आहे. तुम्ही स्वतःहून मुलाला खासगी शाळेत घातलंत, की त्या शाळेकडे तो हक्क मागता येत नाही. प्रवेश नाकारायलाही ती शाळा बऱ्याच अंशी मोकळी असते.

टेक्सासचा कायदा २०२५ चा, योजना २०२६-२७ च्या शालेय वर्षापासून. मुलामागे वर्षाला साधारण दहा हजार डॉलर, अपंगत्व असलेल्या मुलांसाठी तीस हजारांपर्यंत. रक्कम मोठी वाटते. पण एका आईबरोबर मी अशाच एका शाळेचं करारपत्र वाचत बसले होते, तेव्हा शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम सापडलं : मूल शाळेच्या वातावरणाशी जुळवून घेत नसेल, तर वर्षाच्या मध्येही प्रवेश रद्द होऊ शकतो. तिचा मुलगा घंटा वाजली की दोन्ही कान घट्ट दाबून टेबलाखाली बसायचा. तिनं ते कलम तीनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

म्हणून आधी आहे त्या शाळेकडे एआरडी बैठक, म्हणजे आयईपी ठरवणारी पालक-शाळा बैठक, लेखी मागा. छोटा गट, मदतनीस, शांत कोपरा, काय हवं ते स्पष्ट लिहा. तरीही हलवायचंच ठरलं, तर नव्या शाळेला विचारा : स्पीच थेरपिस्ट कोण, आठवड्यातून किती वेळा येणार, आणि मुलाला काढलं तर उरलेल्या फीचं काय? उत्तरं लेखीच घ्या.

प्रश्न : मी कर भरतो. मग माझ्या मुलाच्या वाट्याचे पैसे त्याच्याबरोबर का जाऊ नयेत? (वाचक, फिनिक्स)

हा युक्तिवाद अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडला : शिक्षणाचा खर्च सरकारनं करावा, शाळा सरकारनंच चालवायला हवी असं नाही. त्यात दम आहे. १९९० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीत व्हाउचर, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारी पैसे, आले, तेव्हा त्यासाठी झगडणाऱ्या आमदार पॉली विल्यम्स डेमोक्रॅट आणि कृष्णवर्णीय होत्या. श्रीमंतांना घर बदलून चांगली शाळा गाठता येते, मग गरीब आईला का नाही, असा त्यांचा सवाल होता. मला तो आजही बिनतोड वाटतो. पुढे व्हाउचर गरीब कुटुंबांपुरतेच ठेवणारी उत्पन्नाची मर्यादा उठवायला मात्र त्यांनीच विरोध केला.

तुमच्या अ‍ॅरिझोनात २०२२ पासून असे पैसे कुठल्याही मुलाला मिळू शकतात, उत्पन्नाची अट नाही. सुरुवातीच्या अर्जदारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलं सरकारी शाळेत नव्हतीच. म्हणजे पैसे मुलाबरोबर गेले नाहीत, तिजोरीवर नवा खर्च पडला. आणि सहाशे मुलांच्या शाळेतून वीस मुलं खरोखर गेली, तरी ती वेगवेगळ्या वर्गांतली असतात. कुठून एक, कुठून दोन. त्यामुळे एकही शिक्षक कमी करता येत नाही आणि बसची फेरीही तेवढीच राहते. अनुदान मात्र वीस मुलांचं कमी होतं.

प्रश्न : चार्टर शाळा म्हणजे व्हाउचरच ना?

नाही. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढते. पहिला कायदा मिनेसोटाचा, १९९१ चा. बोस्टनमधल्या चार्टर शाळांचे निकाल उत्तम आहेत, ऑनलाइन चार्टरचे बहुतेक ठिकाणी फार वाईट. नावावर जाऊ नका, त्या एका शाळेचे निकाल बघा.

प्रश्न : सरकारी शाळा स्पर्धेशिवाय सुधारल्याचं एक तरी उदाहरण द्या. (वाचक, न्यू जर्सी)

मिसिसिपी. २०१३ मध्ये चौथीच्या वाचनात हे राज्य देशात ४९ वं होतं, २०२४ मध्ये नववं आलं. त्यांनी प्राथमिक शिक्षकांना अक्षर आणि ध्वनी जोडून वाचायला शिकवण्याचं प्रशिक्षण दिलं, मागे पडलेल्या शाळांत वाचन-मार्गदर्शक पाठवले आणि मुलांची चाचणी लवकर घ्यायला सुरुवात केली. तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाला वर चढवत नाहीत. या नियमावर वाद आहे आणि आठवीत तेवढी झेप दिसलेली नाही, हेही सांगायला हवं. पण शेजारच्या लुइझियानात सोडतीत व्हाउचर मिळालेल्या मुलांचे गणिताचे गुण पहिल्याच वर्षी घसरले होते, हेही त्याच काळातलं.

तुमच्या शाळेच्या पहिलीच्या वर्गात एक तास बसायची परवानगी मागा. मूल शब्दाला अडलं, की बाई त्याला चित्राकडे बघून अंदाज करायला सांगतात की अक्षरांचे आवाज जोडायला लावतात, तेवढं बघा. चित्राकडे बोट गेलं, तर स्कूल बोर्डाच्या पुढच्या बैठकीत बोलायला नाव द्या.