मणगण्यात मस्तकी

प्रश्न : काकी, कुवेतहून आलेल्या दिराने ‘मस्तका’ नावाच्या पिवळट खड्यांची पुडी दिली. चमचाभर मणगण्यात, म्हणजे चणाडाळीच्या गोड खिरीत, घातली. सगळं कडू झालं आणि टोपाला डिंक चिकटला. फेकून देऊ?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अगो, फेकू नकोस! ती मस्तकी, आपल्या वैद्यांची रूमी मस्तकी. पिस्त्याच्या जातकुळीतल्या झुडपाचा हा चीक. ग्रीसच्या किओस बेटाच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात सालीला चिरा देतात. खाली झाडून पांढरी माती पसरलेली असते, तिच्यावर थेंब पडून सुकतात. मग एकेक खडा हाताने साफ करायचा. म्हणून तर महाग!

चमचाभर म्हणजे फारच झालं. चार माणसांच्या खिरीला मुगाएवढे दोन खडे पुरेत. खडे आधी फ्रीझरमध्ये ठेव, मग चिमूटभर साखरेबरोबर खलात हलक्या हाताने कूट. साखर नसली की उष्णतेने बत्त्याला चिकटलेच. पूड शेवटी, ढवळत ढवळत घाल. पाण्यात ती विरघळत नाही, स्निग्ध दुधात मिसळते. मणगण्याला मात्र वेलचीच बरी. गूळ आणि नारळापुढे मस्तकीचा तो देवदारासारखा वास हरवतो. तांदळाच्या खिरीत किंवा घरच्या आइस्क्रीममध्ये बघ. अरबी घरांत कोंबडीच्या रश्शातही एखादा खडा टाकतात.

टोपाला कोमट खोबरेल चोळ, पुसून काढ, मग साबण. उरलेला एक खडा चघळ. आधी भुगा होईल, मग मऊ च्युइंगगम. संध्याकाळी निखाऱ्यावर टाकलास तर वास सुरेख, पण एवढ्या महागाचा धूप मी तरी घालणार नाही.