मिश्र वस्तीत राष्ट्रीय एकात्मतेसाठी नेमकं काय करता येतं?

तुम्ही विचारलंय : कोल्हापुरातल्या आमच्या वसाहतीत मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध अशी सगळी घरं आहेत. २६ जानेवारीला एकात्मतेचा कार्यक्रम घ्यायचाय, काय ठेवावं?

कार्यक्रम जरूर घ्या, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. शपथ होते, फेटे बांधून फोटो होतो, मिसळ खाऊन माणसं घरी जातात. २७ तारखेला गाडी लावण्यावरून वाजलं की परत ‘तुमची माणसं, आमची माणसं’ सुरू.

शाहू महाराजांनी कामं कुठल्या क्रमानं केली ते बघा. १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव, त्याच सुमारास जाती-धर्मवार बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं. दसरा चौकात उभं राहिलात तर त्यातली काही आजही दिसतात. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम १९१९ चा. बोर्डिंगांमुळे जात घट्ट झाली असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. बरोबरीची जागा न देता नुसतं एकत्र बसवलं की एक यजमान होतो, दुसरा पाहुणा. पाहुण्याला चहा मिळतो, हिशेब विचारता येत नाही.

म्हणून सुरुवात वर्गणीपासून करा. अध्यक्ष आणि खजिनदार एकाच समाजाचे नकोत, आणि बँकेतून पैसे काढायला दोघांच्याही सह्या लागू देत. पावती पुस्तकावर क्रमांक छापलेले हवेत. वर्गणीला दोन वेगळ्या समाजांची माणसं जोडीनं फिरू देत. गणेशोत्सवासारख्या कामाला लोकांकडून पैसे घेणार असाल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी आधी काढा. जमा-खर्च आठवडाभरात फलकावर लावा. बरीच भांडणं न दाखवलेल्या हिशेबातून निघतात, धर्माचं नाव त्यांना मागनं चिकटतं.

जेवण दुपारी ठेवा. सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन घरं नाहीतर आपोआप गळतात. पहिल्या वर्षी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा नकोच : हलालचा प्रश्न येतो, शाकाहारी घरं ताटाला हात लावत नाहीत. भाड्याच्या हंड्या मटणाच्या नाहीत याची खात्री करा, कांदा-लसूण-बटाट्याशिवाय एक भाजी करा. वाढायला मात्र प्रत्येक समाजाची माणसं हवीतच.

इथल्या कितीतरी तालमींत, म्हणजे कुस्तीच्या आखाड्याभोवती वाढलेल्या मंडळांत, गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही (हाताच्या आकाराची धातूची प्रतीकं). २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं दोन्ही सण एकत्र आले, तेव्हा काही ठिकाणी एकाच मांडवात दोघांची सोय झाली. जमलं कारण राबणारी पोरं तीच.

तरी कोल्हापूरला गृहीत धरू नका. ७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. प्रत्येक समाजातली दोन माणसं आधीच ठरवून ठेवा. काही आलं की पुढं पाठवण्याआधी त्यांनी एकमेकांना फोन लावायचा. गटात लिहायचं नाही, थेट बोलायचं.

शपथेनंतरच्या अर्ध्या तासात पुराची यादी करून टाका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तुमची गल्ली पूरपट्ट्यात असेल तर ३९ ला कुणी कुणाच्या घरी जायचं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कोणती, ट्रॅक्टर कुणाचा, सभागृहाची किल्ली कुणाकडे. जोड्या लावताना शेजारधर्म बघा, आडनाव नको. यादी जूनमध्ये परत तपासा; भाडेकरू बदललेले असतात.