कंपनीतल्या सगळ्या सॉफ्टवेअरचे रिपोर्ट एकाच ठिकाणी आणायचे आहेत, पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं टूल) घ्यावं की ओपन सोर्स (खुल्या कोडचं, फुकट मिळणारं)? सुरुवात कुठून करू?

टूलचं उत्तर खाली देतो, पण खरं सांगू का, तुमचा आत्ताचा प्रश्न तो नाहीच आहे. तुम्ही लिहिलंय की टॅली (हिशोबाचं), जुनं ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, प्रॉडक्शन सांभाळणारं), सीआरएम (गिऱ्हाइकांच्या नोंदींचं), अटेंडन्सचं सॉफ्टवेअर, क्वालिटीचं घरी बनवलेलं एक अॅप आणि वर एक्सेलचा ढीग, प्रत्येकाचे रिपोर्ट वेगळे आणि साहेबांना सगळं एका स्क्रीनवर पाहिजे. अगदी हेच काम मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत केलंय, दोन वर्षं गेली त्यात आणि पहिलं वर्ष जवळजवळ वायाच गेलं कारण मी पण टूलपासूनच सुरुवात केली होती.

आमचा पहिला डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणारी स्क्रीन, दिसायला एक नंबर होता. रिव्ह्यू मीटिंगला लावला, वरती मोठ्या अक्षरात महिन्याची सेल. अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या हा आकडा चुकीचा आहे. डिस्पॅचवाले म्हणाले आमच्यापेक्षा कमी दाखवतोय, मार्केटिंगचे साहेब म्हणाले हा आकडा आणलाय कुठून. तीन रात्री क्वेरी (डेटाबेसमधून आकडे काढणाऱ्या सूचना) तपासत बसलो आणि क्वेरीत काहीच चूक सापडेना. घोळ असा होता की तिघंही 'सेल' म्हणत होते आणि तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजत होते. मार्केटिंगसाठी ऑर्डर आली की सेल झाली, डिस्पॅचसाठी गाडी गेटबाहेर पडली की झाली, आणि अकाउंट्स बिलातून जीएसटी काढणार, क्रेडिट नोटा वजा करणार, मग जे उरेल त्याला सेल म्हणणार. त्यात आमचं एक गोडाऊन होसूरला, म्हणजे तमिळनाडूत. दुसऱ्या राज्यातल्या स्वतःच्याच गोडाऊनला माल पाठवला तरी जीएसटीत टॅक्स इन्व्हॉइस करावं लागतं, कारण पॅन एक असला तरी दोन राज्यांतली दोन रजिस्ट्रेशन कायद्याने वेगळी धरतात. ईआरपीला बिचाऱ्याला काय कळणार, इन्व्हॉइस झालं म्हणजे सेल. तोच माल होसूरहून गिऱ्हाइकाला गेला की परत सेल. म्हणजे डॅशबोर्डवर एकच माल दोनदा विकला जात होता आणि मी अभिमानाने तो ग्राफ दाखवत होतो.

तर पहिलं काम हे करा, आणि ह्याला एक रुपयाचंही सॉफ्टवेअर लागत नाही: रिपोर्टमध्ये येणाऱ्या शब्दांची यादी काढा आणि प्रत्येक शब्दापुढे लिहा की यात काय धरायचं, काय नाही, कुठली तारीख धरायची आणि हा आकडा कुठल्या सॉफ्टवेअरमधून येणार. आमची यादी पंचवीस-तीस शब्दांची झाली, पण त्यावर चार महिने भांडणं झाली, त्यातली दोन एमडींच्या केबिनपर्यंत गेली. एक गोष्ट मात्र फार कामाला आली, ती म्हणजे 'सेल' हा शब्दच आम्ही रिपोर्टमधून काढून टाकला. कोणाची व्याख्या बरोबर हे ठरवायच्या भानगडीत पडलोच नाही. बुकिंग, डिस्पॅच, नेट बिलिंग अशी तीन नावं केली, तिन्ही आकडे शेजारी शेजारी, ज्याला जो हवा त्याने तो बघावा. ह्यानंतर निम्मी भांडणं आपोआप मिटली, कारण कोणाला खोटं पाडलं असं राहिलं नाही. आणि प्रत्येक शब्दाला एक मालक ठेवा, आयटीतला नको, त्या डिपार्टमेंटमधला. आकडा चुकला तर फोन त्यांना जाणार.

आता तारखेबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथे सगळे फसतात. कारखान्याचा दिवस रात्री बाराला संपत नाही. आमच्या पाळ्या 7 ते 3, 3 ते 11 आणि रात्री 11 ते 7. ईआरपी प्रॉडक्शन मोजायचं रात्री बारा ते बारा. क्वालिटीचं अॅप क्लाउडवर होतं आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यामुळे त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. गंमत म्हणजे त्यामुळे थर्ड शिफ्टचं रिजेक्शन जवळजवळ बरोबर दिवसातच पडायचं, म्हणून कोणाला कधी शंका आली नाही. पण दोन्ही सिस्टीमचा डेटा एकत्र आणून रिजेक्शनची टक्केवारी काढली तर दर शुक्रवारी ती वर उडी मारायची. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. क्वालिटीवाल्यांकडे थिअरी तयारच होती, सुट्टीनंतर मशीन सेट व्हायला वेळ लागतो, ऑपरेटर ढिले असतात वगैरे, आणि सगळ्यांना ते पटलं पण होतं! प्रत्यक्षात शुक्रवारी काम सुरू व्हायचं सकाळी सातला, म्हणजे ईआरपीच्या शुक्रवारात 17 तासांचं प्रॉडक्शन आणि क्वालिटी अॅपच्या शुक्रवारात शनिवार पहाटे साडेपाचपर्यंतचं, म्हणजे साडेबावीस तासांचं रिजेक्शन. टक्केवारी वाढणारच ना. उपाय एका ओळीचा आहे, सगळ्या वेळा आधी भारतीय वेळेत आणा, त्यातून 7 तास वजा करा, जी तारीख येईल ती प्लांटची तारीख. पण ही ओळ सुचायच्या आधी दोन ऑपरेटरांना बोलणी बसली होती, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी मोठी डोकेदुखी म्हणजे मास्टर, म्हणजे गिऱ्हाइकं आणि पार्ट यांच्या मूळ याद्या. एकच गिऱ्हाईक टॅलीत 'प्रायव्हेट लिमिटेड' पूर्ण लिहून, ईआरपीत 'प्रा. लि.', सीआरएममध्ये नुसतं आडनाव आणि एक्सेलमध्ये 'भोसरीवाले'. नावं जुळवत बसू नका, त्यात जन्म जाईल. जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटीचा रजिस्ट्रेशन नंबर धरा. 15 अक्षरांचा नंबर असतो, पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र 27, तमिळनाडू 33), पुढची 10 अक्षरं पॅन. म्हणजे कंपनी म्हणून एकत्र बघायचं तर मधला पॅन धरा, राज्यवार बघायचं तर पूर्ण नंबर धरा. दोन्ही कामं एका कॉलममध्ये. आमची बहुतेक नावं ह्यानेच जुळली. उरतात एक्सपोर्टची गिऱ्हाइकं आणि रजिस्ट्रेशन नसलेले छोटे व्हेंडर, ती हाताने जुळवायची, दुसरा इलाज नाही. पार्ट नंबरला असा सोपा धागा नाही, तिथे आम्ही वेगळं मॅपिंग टेबल केलं आणि स्टोअर्समधल्या एका मुलाला त्याची स्क्रीन दिली. नवीन पार्ट आला आणि मॅपिंग झालं नाही तर रिपोर्टमध्ये तो 'न जुळलेले' म्हणून लाल रंगात, रकमेसकट दिसतो. हे लपवू नका. जो रिपोर्ट न जुळलेला माल गुपचूप गाळतो त्याची बेरीज कधीच अकाउंट्सशी जुळत नाही आणि का जुळत नाही हे सहा महिने कळत नाही. आणि पार्ट नंबर कुठल्याही टप्प्यावर एक्सेलमधून नेऊ नका, पुढचे शून्य खातं ते आणि '3-12' सारख्या कोडची तारीख करून टाकतं.

आता प्लंबिंग, म्हणजे डेटा इकडून तिकडे कसा न्यायचा. फार भारी काही नाही आमचं. एक साधा पोस्टग्रेसचा (हा फुकट मिळणारा डेटाबेस) सर्व्हर, रात्री प्रत्येक सॉफ्टवेअरमधून डेटा जसा आहे तसा उचलायचा, आधी एका कच्च्या भागात टाकायचा, मग साफ करून दुसऱ्या भागात, रिपोर्ट फक्त दुसऱ्यावर चालणार. कच्चा डेटा ठेवाच, कारण उद्या व्याख्या बदलली (बदलतेच) की परत सोर्सकडे भीक मागायला नको. ईआरपीच्या चालू डेटाबेसवर थेट रिपोर्ट चालवू नका, महिनाअखेरीला स्टोअर्सवाल्यांची जीआरएन (आलेल्या मालाची) एंट्री अडकली की पहिला फोन तुम्हाला येतो. कोणीतरी सांगेल की क्वेरीत नोलॉक (चालू एंट्री पूर्ण व्हायची वाट न बघता वाच, अशी सूचना) टाक, चालून जाईल. मी पण टाकलं होतं. अर्धवट लिहिलेल्या, नंतर रद्द झालेल्या एंट्र्या त्यात येतात आणि सकाळचा आकडा दुपारी परत काढला की मिळतच नाही.

रोज फक्त बदललेला डेटा उचलायचा असेल तर एक लक्षात ठेवा, 'शेवटचा बदल कधी' हा कॉलम बघून उचललं तर डिलीट झालेली ओळ कधीच कळत नाही, ती तुमच्याकडे जिवंतच राहते. टॅलीत हा त्रास जास्त, कारण मागच्या तारखेच्या एंट्र्या होत राहतात, व्हाउचर उडवली जातात. आम्ही रोज चालू आणि मागचा महिना पूर्ण उचलतो आणि आठवड्यातून एकदा सगळं आर्थिक वर्ष. बाळबोध आहे, पण जुळतं. टॅलीतून एक्सएमएलने 9000 पोर्टवरून डेटा मिळतो, पण त्यासाठी टॅली कुठल्यातरी मशीनवर उघडी पाहिजे आणि कंपनी लोड केलेली पाहिजे. आमचं ते मशीन अकाउंट्सच्या कोपऱ्यात होतं आणि दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी त्याचा प्लग काढला. चार दिवस साहेब जुनेच आकडे बघत होते आणि रिपोर्ट मस्त हिरवागार. त्या दिवसापासून प्रत्येक रिपोर्टच्या डोक्यावर 'टॅली: अमुक तारीख, अमुक वेळेपर्यंत, ईआरपी: अमुक' असं छापतो, जुनं असेल तर तिथेच लाल. ही पट्टी बाकी सगळ्याच्या आधी बनवा.

टूलचं म्हणाल तर, वरचं सगळं झालं असेल तर कुठलंही चालतं. पॉवर बीआय लोकांना एक्सेलसारखं वाटतं म्हणून पटकन शिकतात, पण शेअर करायचं म्हटलं की माणसागणिक लायसन्स मोजा, आणि डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं. ओपन सोर्समध्ये मेटाबेस आणि सुपरसेट. मेटाबेस लावायला सगळ्यात सोपं, मला आवडतं, पण प्रत्येकाला फक्त आपल्याच प्लांटच्या ओळी दिसाव्यात ही सोय त्याच्या फुकट आवृत्तीत नाही. सुपरसेटमध्ये ती फुकट आहे, मात्र ते सांभाळायला पायथॉन-डॉकर जमणारा माणूस लागतो. आम्ही सुपरसेट घेतलं. पहिल्या दिवशी तक्रार काय आली तर आकडे मिलियनमध्ये का. लाख-कोटीत आणि स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, हे आधीच करून घ्या, दहा लाखाला वन मिलियन वाचून साहेब लोक चिडतात आणि बरोबरच चिडतात. शॉप फ्लोअरवर लावायचे कागद मराठीत हवे असतील तर पीडीएफ छापून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आमच्या जुन्या जॅस्परच्या (हे पण रिपोर्ट बनवायचं टूल) रिपोर्टमध्ये स्क्रीनवर सगळं ठीक आणि पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटलेली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसलेली. शेवटी ते कागद आम्ही वेब पेज करून ब्राउझरमधून प्रिंट काढले.

सगळं झाल्यावर वाटेल आता लोक वापरतील. नाही वापरत. जुना एक्सेल जोपर्यंत मेलवर येतोय तोपर्यंत कोणी नवीन उघडत नाही. आम्ही एकेक जुना रिपोर्ट घेऊन, तीन महिनाअखेरी दोन्ही शेजारी जुळवून, मालकाची सही घेऊन जुना बंद केला. सहीशिवाय बंद करायचा नाही आणि सही झाल्यावर चालू ठेवायचा नाही, आयटीवाल्यांना हे दुसरं जास्त जड जातं.

एचआरचा डेटा मात्र सगळ्यात शेवटी घ्या. आम्ही हुशारी केली, पगार कोणाला दिसणार नाहीत, फक्त डिपार्टमेंटवार एकूण खर्च दाखवू. आमच्या टूलरूमच्या डिझाईन सेक्शनमध्ये एकच इंजिनिअर होता. त्याचा पगार किती हे गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत झालं, मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता पाचपेक्षा कमी माणसं असतील तर ते सेक्शन 'इतर'मध्ये जातं, आणि 'इतर'मध्ये एकच सेक्शन उरलं तर त्याच्या जोडीला अजून एक ढकलतो, नाहीतर लोक एकुणातून वजाबाकी करून काढतात. काढली होती एकाने.