समीकरण बरोबर, माप चूक

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, यंत्रांचे भाग आखणाऱ्या डिझायनर मंडळींशी बोलताना एक काळजी वारंवार ऐकू येते: "असेंब्लीत समीकरणं लावली की मापांवरचा ताबा सुटतो. त्यापेक्षा हातानेच आकडे भरलेले बरे ना?" (असेंब्ली म्हणजे अनेक भागांची जुळणी; समीकरण म्हणजे एका मापावरून दुसरं आपोआप काढणारं सूत्र.)

माझ्याकडे आलेल्या एकीने समीकरणं लावणं सोडूनच दिलं होतं. एकेक भाग उघडून मापं भरायची, पुन्हा पुन्हा तपासायची, तरी रात्री झोप नाही. "मॅडम, मी बेफिकीर आहे," असं तिने ठामपणे सांगितलं. मी म्हटलं, ते नंतर पाहू, आधी काय घडलं ते सांगा.

शाफ्ट (फिरणारा दांडा), त्यावर बसणारं बेअरिंग आणि बेअरिंगला धरणारं हाउसिंग अशी साधी जुळणी होती. शाफ्ट 20 मिमी, बेअरिंग 6204 या प्रमाणित क्रमांकाचं, त्याचा बाहेरचा व्यास 47. तिने असेंब्लीत लिहिलं: हाउसिंगचं भोक = शाफ्टचा व्यास + 27. पुढे शाफ्ट 25 चा झाला. 6205 चा बाहेरचा व्यास 52, म्हणजे समीकरण चपखल बसलं. मग 30 ची मागणी आली. 6206 चा व्यास असतो 62. समीकरणाने दिले 57. स्क्रीनवर काहीच लाल झालं नाही. होणार कसं? कॉन्सेंट्रिक मेट (दोन गोल भाग एका अक्षावर आणणारा जोड) फक्त अक्ष जुळवतो, व्यास बघत नाही. चूक सहकाऱ्याने ड्रॉइंग तपासताना पकडली.

"हे 27 आले कुठून?" मी विचारलं.

"47 मधून 20 वजा केले."

म्हणजे बेफिकिरीचा प्रश्नच नव्हता. योगायोगाने दोनदा जुळलेल्या वजाबाकीला तिने नियम मानलं होतं. हाउसिंगच्या भिंतीची जाडी, बोल्टचं वर्तुळ, भागांमधली फट ही नाती डिझायनर ठरवतो; तिथे समीकरण शोभतं. बेअरिंगची मापं प्रमाणित असतात, ती तक्त्यातूनच घ्यायची: एका ओळीत क्रमांक, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी.

मग आम्ही तिची सगळी समीकरणं कागदावर बाण काढून मांडली. (हे मी जवळजवळ सगळ्यांकडून करून घेते. भीती कागदावर आली की तिचा आकार तरी दिसतो.) तिथे आणखी एक गुंता निघाला. शाफ्टची लांबी हाउसिंगच्या रुंदीवरून निघत होती, आणि रुंदी दुसऱ्या एका समीकरणातून पुन्हा शाफ्टच्या लांबीवरून. त्यामुळे प्रत्येक रीबिल्डला (मॉडेल नव्याने मोजलं जाताना) आकडा हलायचा, आणि तिला वाटायचं आपणच कुठेतरी हात लावला. एक बाण खोडला. मूळ आकडे ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या समीकरणांत वापरता येणारे, नाव दिलेले आकडे) म्हणून एका टेक्स्ट फाइलीत ठेवले आणि भाग त्या फाइलीला जोडले. एकच भाग दोन असेंब्लींत असेल तर त्याच्या मापावर दोन्हीकडून समीकरण लावायचं नाही, हेही ठरलं. नाहीतर शेवटी उघडलेली असेंब्ली जिंकते.

"पण विश्वास कसा ठेवू?"

ठेवू नका, मी म्हटलं. तपासा, पण नेमकं. मूळ आकडा बदलला की सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मापावर इंटरफेरन्स तपासणी (भाग एकमेकांत घुसतात का ते पाहणारी) चालवायची. 57 च्या भोकात 62 चं बेअरिंग तिथे लगेच दिसलं असतं.

पुढच्या भेटीत तिने 6203 ची ओळ लावून दाखवली: शाफ्ट 17, बाहेरचा व्यास 40. जुन्या समीकरणाने 44 दिले असते. तपासण्या ती अजूनही गरजेपेक्षा जास्त करते. त्यावर आमचं बोलणं चालू आहे.