दोन पातेली थंडाई

टोरांटो

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

इंदूरहून तू पाठवलेला निरोप काल रात्री ऐकला, आज सकाळी पुन्हा ऐकला. फोनवर उत्तर दिलं असतं तर घाईत अर्धंच दिलं असतं, म्हणून लिहितो आहे. अडलेला शब्द आजीला विचार.

तू विचारलंस की उज्जैनला महाकालाच्या पिंडीवर हिरव्या भांगेने चेहरा रेखलेला पाहिला, तो कशासाठी? रंगपंचमीला आजीने दोन पातेली थंडाई केली. पांढरी सगळ्यांना, भांगेची हिरवट फक्त काकाला आणि त्याच्या मित्रांना. तुला का नाही? आणि बाबा, म्हणजे मी, इथे टोरांटोत गांजाच्या दुकानासमोरून जाताना तुझा हात धरून भरभर पावलं उचलतो, मग घरातच हे कसं चालतं? ही आपली मराठी पद्धत आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. निव्वळ मराठी म्हणशील तर नाही. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत महाशिवरात्रीला बेल वाहतात, धोतऱ्याचं फूल वाहतात, उपासाला रताळी करतात आणि कवठाची चटणी करतात. कवठ हेच त्या दिवसाचं फळ. आपले पूर्वज होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले, इंदूरच्या रामबागेत राहिले, आणि माळव्याच्या काही गोष्टी आपल्याशा झाल्या. राजवाड्यासमोरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, जशी आपली झाली, तशी थंडाईही झाली. कवठ आपण सोबत आणलं, भांग इथे भेटली. इंदूरच्या मराठी घरात शिवरात्रीला दोन्ही एका ताटाशेजारी दिसतात, आणि मला त्यात काही विसंगत वाटत नाही.

भांग आणि गांजा एकाच वनस्पतीचे: पानं ती भांग, तुरे तो गांजा. पण मराठी भाषेने या वनस्पतीबद्दल आपलं मत नोंदवून ठेवलं आहे. चांगल्या घरात वाईट चालीचं मूल निपजलं तर आपण म्हणतो, तुळशीत भांग उगवली. तुळस विठ्ठलाची. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा दारू-मांस सोडतो. त्या तुळशीच्या वाफ्यात भांग उगवली, तर उपटायचीच. तुझी आजी पंढरीच्या वारीचा फोटो देव्हाऱ्यात ठेवते आणि महाकालालाही जाते, म्हणून दोन पातेली वेगळी ठेवण्याची तिची काळजी मला समजते. (आणि हो, केसांत पाडतो तो भांग वेगळा. तो पुल्लिंगी, पातेल्यातली भांग स्त्रीलिंगी. तू दोन्हींना ‘तो’ म्हणतेस.)

आता महाकाल. शंकर हा विष पिणारा देव. समुद्रमंथनात हलाहल निघालं, कोणी घ्यायला तयार होईना, त्याने ते कंठात धरलं. म्हणून जे माणसाने सहज तोंडाला लावू नये ते त्याच्या पायाशी नेऊन ठेवायचं, अशी समजूत आहे. धोतरा विषारी आहे हे लहानपणीच आपल्याला सांगतात, आणि तोच त्याला वाहतात. भांगेचंही मी तसंच समजतो. लोककथा असंही सांगते की हलाहलाचा दाह शमवायला देवांनी त्याला भांग दिली. उज्जैनचं ते देऊळ आज उभं आहे ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलं म्हणून, तेव्हा तिथे आपल्या माणसांचा हात आहेच. पण भांगेचा शृंगार हा त्या देवळाचा, त्या गावाचा भाव आहे. देवाला वाहिलं म्हणजे भक्ताने प्यायलंच पाहिजे असं नाही. आपण देवाला धोतरा वाहतो आणि घरी येऊन हात धुतो.

तुझी मैत्रीण म्हणाली, ‘तुमच्यातले साधू तर चिलीम ओढतात.’ ओढतात. उज्जैनचा सिंहस्थ २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे. तू गेलीस तर क्षिप्रेच्या काठी पाहशील. पण संन्यास घेताना ते स्वतःचं श्राद्ध स्वतः करतात. घर, नाव, नाती सोडून दिलेल्या माणसाचे नियम शाळेत जाणाऱ्या मुलीला लागू होत नाहीत, आणि माझ्यासारख्या सकाळी कामावर जाणाऱ्यालाही होत नाहीत.

ही वनस्पती ग्रंथांत आहे का, हेही तू विचारलंस. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात एक ऋचा आहे. सोम ज्यात श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांना ती आवाहन करते, दर्भ, भंग, यव यांची नावं घेते, आणि आम्हाला संकटातून सोडवा असं मागते. तो भंग म्हणजे आजचीच भांग का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून ‘वेदात सांगितलंय’ असं कोणी छातीठोकपणे म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस. वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र ती स्पष्ट येते. तिथे तिचं नाव विजया.

इथे मला तुझ्या पणजोबांबद्दल सांगायचं आहे. ते, म्हणजे माझे आजोबा, वैद्य होते हे तुला माहीत आहे. त्यांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असायची. कपाटात पितळेचा छोटा तराजू, गुंजांची पुडी, आणि वरच्या फळीवर एक बरणी. त्यात जातिफलादी चूर्ण असे: जायफळ, लवंग, वेलची, सुंठ, पिंपळी अशा कितीतरी गोष्टी, साखर, आणि शोधन केलेली भांग. ग्रहणीचे रोगी यायचे, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही, पोट थांबत नाही असे लोक. आजोबा नाडी बघत, वय विचारत, काम काय करतोस विचारत, मग तराजू काढत. शेतात राबणाऱ्याला आणि दुकानात बसणाऱ्याला एकच पुडी कधी मिळाली नाही.

ते मला शार्ङ्गधराचा श्लोक म्हणून दाखवत: जे आधी सगळ्या शरीरात पसरतं आणि मग पचतं ते व्यवायी, उदाहरणार्थ भांग आणि अफू. आणि भावप्रकाशातला दुसरा: भांग कफ हरते, कडू आहे, पाचक आहे, आणि मोह, मद, बडबड व जठराग्नी वाढवते. बघ, एकाच श्लोकात पाचकही आणि मोह वाढवणारीही. लिहिणाऱ्याने काही लपवलं नाही. आजोबा पाने पुन्हा पुन्हा धुवून, पाणी निथळवून, तुपावर परतून घेत. त्याशिवाय चूर्णात घालत नसत. आजही आयुर्वेदिक औषधांच्या सरकारी नियमांत भांगेचं पान विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. औषध म्हणून चालतं, पण वैद्याच्या देखरेखीखाली.

इंग्रजांनाही हा प्रश्न पडला होता. विल्यम ओ’शॉनेसी नावाच्या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्यात आपले प्रयोग मांडले. धनुर्वात, लहान मुलांचे झटके, पिसाळलेल्या कुत्र्याचं चावणं अशा रोग्यांना त्याने गांजाचा अर्क दिला होता. धनुर्वाताचे आचके त्याने सैल पडले, पिसाळीने जाणारा माणूस वाचला नाही, पण त्याचे शेवटचे दिवस हलके झाले. त्याच्यामुळे विलायतेत हे औषध गेलं. मग १८९३ मध्ये सरकारने एक आयोग नेमला की याने लोक वेडे होतात का ते पाहा. आयोगाने ११९३ साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांचे दप्तर तपासले आणि १८९४ मध्ये कळवलं की बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय दिसत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, आणि सरसकट बंदी घालू नये. आपल्या शेजारच्या निमाडात, खंडव्याकडे, त्या काळी परवान्याने गांजाची शेती होत असे. तुझ्या पणजोबांच्या वडिलांनी ती शेतं पाहिली होती.

बाहेरचं थोडक्यात सांगतो, कारण शाळेत तुला हे उपयोगी पडेल. हे फक्त हिंदूंचं नाही. शक लोक अंत्यविधीनंतर तंबूत तापल्या दगडांवर याचं बी टाकून धूर घेत, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं, आणि अल्ताईच्या डोंगरात त्यांच्या थडग्यांत तसे तंबूचे दांडे, भांडी आणि बिया खरोखर सापडल्या. इस्राएलमध्ये तेल अरादच्या जुन्या देवळात, सुमारे २७०० वर्षांपूर्वीच्या वेदीवर गांजाचे अवशेष मिळाले. पंजाबात निहंग शीख सुखनिधान, म्हणजे भांगेचं पेय, घेतात. आणि जमैकात रास्ताफारी लोक ज्याला पवित्र मानतात त्याला ते ‘गांजा’च म्हणतात, कारण १८४५ पासून ऊस तोडायला नेलेल्या आपल्या गिरमिटिया मजुरांनी तो शब्द तिथे पोहोचवला. घर सुटलं, भाषा सुटली, हा एक शब्द टिकला. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं आणि थोडं बरंही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. १९६४ मध्ये इस्राएलच्या राफाएल मेशुलाम यांनी सहकाऱ्यासह यातलं नशा आणणारं द्रव्य वेगळं काढलं. मग शोध सुरू झाला की माणसाच्या मेंदूत त्यासाठी कुलूप आहे तर शरीराची स्वतःची किल्ली कोणती? १९९२ मध्ये शरीर स्वतः बनवतं असं एक द्रव्य सापडलं, आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड. आपल्या ‘आनंद’वरून. आणि याच वनस्पतीतल्या, नशा न आणणाऱ्या दुसऱ्या द्रव्यापासून केलेलं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या दोन कठीण अपस्मारांसाठी मंजूर झालं. ओ’शॉनेसीने झटके येणाऱ्या बाळाला अर्क दिला त्यानंतर जवळजवळ १८० वर्षांनी.

आता तुझ्या पातेल्याचं. मी १७ वर्षांचा होतो. रंगपंचमीला मित्राच्या गच्चीवर एक पेला घेतला. तासभर काहीच झालं नाही, म्हणून दुसरा घेतला. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, पण प्यायलेली भांग पोटातून, यकृतातून जाते, तासा-दोन तासांनी चढते आणि मग रात्रभर उतरत नाही. मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी वाटू लागलं की माझं हृदय थांबतंय, आणि घड्याळाचा काटा हलतच नव्हता. तुझी आजी रात्रभर माझा हात धरून बसली. ओरडली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, “विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” ती भीती मला अजून आठवते, म्हणून तू विचारलंस याचा मला इतका आनंद झाला.

आजी काकाला देते ती परवान्याच्या दुकानातून आणलेल्या पानांची, धुऊन, मिरी आणि बडीशेपेबरोबर पाट्यावर वाटलेली, हरभऱ्याएवढी गोळी. वर्षातून एकदा, मोठ्या माणसाला, घरात, दुधातून. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसतं पान येत नाही, म्हणून मध्य प्रदेशात ती दुकानं आहेत. इथे कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाही खुला झाला, पण ऑन्टारियोत वयाची १९ वर्षं पूर्ण झालेल्यांनाच. आणि त्या दुकानात मिळतात ती पानं नव्हेत, निवडून वाढवलेले तुरे. पाकिटावर वीस टक्क्यांच्या वर नशेचं द्रव्य लिहिलेलं असतं. त्याला आजीच्या गोळीची तुलना लागू होत नाही. सोळाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो, विशीच्या मध्यापर्यंत घडतो, आणि त्या वयात नेहमी घेणाऱ्यांत मनाचे गंभीर आजार जास्त दिसतात. आजीला हे शास्त्र माहीत नाही, पण तिने तुझ्यासाठी पांढरं पातेलं वेगळं ठेवलं. दुकानासमोरून जाताना मी पावलं उचलतो ते याच कारणाने. त्यात त्या वनस्पतीचा द्वेष नाही.

तुझ्या वर्गात कोणी ‘तुमचा देव नशा करतो’ म्हणालं तर चिडू नकोस. हलाहलाची गोष्ट सांग. ती तुला आजीपेक्षा चांगली कोणी सांगणार नाही, आज रात्रीच ऐकून घे.

निघण्याआधी दोन कामं. सराफा बाजारात भांगेच्या मुनक्क्याची, म्हणजे गोळ्यांची, पुडी मिळते, काका गंमत म्हणून बॅगेत टाकेल. ती काढून ठेव. इथे दुकानात मिळत असलं तरी सीमेवरून आणणं कॅनडात गुन्हा आहे. आणि आजी थंडाईचा मसाला करून देणार म्हणाली आहे. तिला सांग, बडीशेप, मिरी, वेलची, गुलाबाच्या पाकळ्या, मगजबी सगळं घाल, फक्त खसखस घालू नकोस. तुझं विमान दुबईला बदलायचं आहे आणि तिथे खसखस चालत नाही. ती मी इथल्या दुकानातून आणून ठेवतो.

तुझा
बाबा