नागपूरच्या विमानतळाने विदर्भाला काय दिलं?

विमानतळावर अभ्यासाचा प्रकल्प करताना तुमचा प्रश्न असा आहे की सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, प्रवासी वाढले, म्हणजे विदर्भाची अर्थव्यवस्था वाढली असं धरायचं का. नाही धरता येत, भाऊ. नोकरीसाठी विदर्भ सोडून पुण्याला जाणारा मुलगाही त्याच आकड्यात मोजला जातो.

नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेने त्याचा उपयोगही केला. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून आलेली विमानं मध्यरात्री इथे भेटत, टपालाच्या थैल्या बदलत आणि परत फिरत. पण विमान नुसतं येऊन गेलं तर गावाच्या हाती थोडंच लागतं. ते इथे थांबून त्यावर काम झालं, तर पैसा इथे उरतो.

म्हणून विमानतळालगतच्या मिहान या मोठ्या औद्योगिक प्रकल्पातलं, बोइंगने उभारलेलं आणि २०१५ साली सुरू झालेलं विमान देखभाल केंद्र मला प्रवासी टर्मिनलपेक्षा मोलाचं वाटतं. मोठ्या तपासणीला आलेलं विमान कित्येक दिवस हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या मोठ्या शेडमध्ये, असतं. तंत्रज्ञांचा पगार इथे होतो आणि त्यातूनच वर्धा रोडवरची घरभाडी, किराणा, मुलांच्या फिया निघतात.

दुसरा फायदा विमानतळाच्या हिशेबात दिसतच नाही. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या लहान कारखान्यांची खाती लिहितो. एकदा एकाचं मुख्य मशीन बंद पडलं. पुण्याहून तंत्रज्ञ सकाळच्या विमानाने आला, संध्याकाळच्या पाळीला काम सुरू झालं. रेल्वेने आला असता तर आणखी एक दिवस कामगार बसून राहिले असते. तिकिटाचा खर्च त्यापुढे किरकोळ.

संत्र्याची आशा मात्र फार धरू नका. वजन जास्त, किलोमागे भाव कमी. हवाई भाडं झेपत नाही. औषधं, यंत्रांचे सुटे भाग असा कमी वजनाचा महाग मालच विमानाला परवडतो.

आणि जमीन. मिहानसाठी शिवणगावसारख्या गावांची शेती गेली. तुम्ही अभ्यासाचा प्रकल्प करताय ना, मग सुरुवात तिथूनच करा. घरोघरी विचारा: जमीन कधी गेली, मोबदला हातात कधी पडला, आणि घरातलं कोणी आज मिहानमध्ये कामाला असेल तर सफाईला आहे की तंत्रज्ञ म्हणून.